माधवच्या नावाचं फोल्डर

६ जाने. २००४
त्र्यंबकच्या लॉजवर नवीन मशीन बसवलं. आमची सीडी घातली की प्रिंटर, बॅकअप, रोजची साफसफाई सगळं तीच लावते. माणसानं नुसतं एंटर मारत जायचं. मारत गेले. शेवटी बघते तर मशीनवर /home/madhav तयार. माधव त्या लॉजवर कधीच गेला नव्हता. दिवाळीच्या आधी अपघातात गेला तो, आणि आज त्र्यंबकला त्याचं फोल्डर उभं. अंगावर काटा आला. लॉजवाले विचारतात, "म्याडम, हे माधव कोण?" म्हटलं, आमच्यातलेच.

७ जाने.
अकरा वाजता त्र्यंबकच्या मशीनने ऑफिसला फोन लावला, बाकीची मशीन लावतात तसाच. माझ्या स्क्रीनवर ओळ आली: सगळं ठीक. माधव.
ही ओळ त्यानेच गंमत म्हणून सीडीवरच्या स्क्रिप्टमध्ये घातलेली. साइट वाढतात तसा तो वाढतोय.
सर: "वैशाली, आता हे बदला. गिऱ्हाइकाच्या मशीनवर आपल्या माणसाचं घर कशाला?" बरोबरच आहे. माधवने स्क्रिप्ट स्वतःच्या मशीनवर लिहिली, डिफॉल्टला, म्हणजे नुसतं एंटर मारलं तर, स्वतःचंच फोल्डर. "आत्तापुरतं गं," म्हणाला होता. तपासायचं काम माझं. मी तशीच सीडी काढली.

९ जाने.
कुठे काय ठेवायचं ते ठरवलं. सेटिंग /etc मध्ये, साठत जाणारं /var मध्ये, आमच्या स्क्रिप्ट /opt मध्ये. उद्या कोणी अनोळखी माणूस आला तरी त्याला न विचारता सापडलं पाहिजे, एवढाच नियम. कारण चौकटीत आपण जे भरून देतो ते कोणी बदलत नाही. एकूण एक साइटने एंटरच मारलंय.
विंचूरचंही तसंच होतं. विंचूर म्हटलं की माधव जाणार. कोणी विचारायचंसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र तक्त्यावर पाळी माझी होती. डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं. कंटाळा आला होता, बस. तो हसला, हेल्मेट उचललं नि

१३ जाने.
विंचूर. पहिल्यांदाच गेले. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात मशीन, कीबोर्डच्या फटीत कांद्याची सालपटं. ऑपरेटर गणपतराव, पन्नाशीचे.
"म्याडम, नवीन सीडी आणा, पण माधवभाऊचं फोल्डर काढू नका. लय सवय हाय. सकाळी आलो का पहिलं तेच उघडतो. त्यांनी माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात त्याच्यात, प्रिंटर अडकला तर काय, लाइट गेली तर काय."
नाही काढत, मी म्हणाले. कुठल्या तोंडाने म्हणाले, देव जाणे.

१६ जाने.
मखमलाबादला, माधवच्या घरी. वर्षभर त्यांच्याकडे सण नाही, म्हणून तिळगूळ घेऊन गेले. वडील झेंडूत होते. हात पुसून एक वडी घेतली, तोंडात नाही टाकली, टोपीखाली कपाळाला लावून खिशात ठेवली.
"पोरी, त्याचं काम चालू हाय ना?"
"हो काका. रोज अकराला."
"मंग बरं हाय. काय तरी चालू हाय."
पाळीचं सांगायलाच गेले होते. चहा पिऊन आले.

२० जाने.
नवीन सीडी तयार. जुनं फोल्डर सापडलं तर आतलं सगळं नव्या जागी हलवायचं, मग फोल्डर काढून टाकायचं. काढून टाकायची एकच ओळ आहे. अकराच्या ओळीतली माधवची सहीही गेली.
ऑफिसच्या मशीनवर लावून पाहिली. मक्खनसारखी चालली.

२१ जाने.
अकरा वाजले. ऑफिसच्या मशीनची ओळ आली: सगळं ठीक. बस, एवढंच. पुढे कोणी नाही. मी उगाच स्क्रीनकडे बघत राहिले. भीती त्याच्या नावाची वाटते असं इतके दिवस धरून चालले होते. खोटं. नाव नसतं तेव्हा जास्त वाटते.

२३ जाने.
सरांना सांगून टाकलं, त्या दिवशी पाळी माझी होती.
सर चष्मा पुसत राहिले. "माहीत आहे. तक्त्यावर तुमचंच नाव होतं." मग म्हणाले, "सीडी मंगळवारी पाठवू."
बाहेर येऊन भिंतीवरचा तक्ता पाहिला. ऑक्टोबरचा कागद अजून मागे टाचलेला. विंचूर: वैशाली. खोडलं कोणीच नाही. तक्त्याप्रमाणे विंचूरला मीच गेलेली आहे.

२४ जाने.
अकरा. विंचूर: सगळं ठीक. माधव.
पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं. मोडेमवरून विंचूरच्या मशीनवर शिरले, त्याच्या फोल्डरमध्ये त्याच्या चिठ्ठ्यांशेजारी एक चिठ्ठी केली. "माधव, त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं. वैशाली." सेव्ह केलं. रडले.
मग लक्षात आलं, गणपतराव सकाळी पहिलं तेच फोल्डर उघडतात. उद्या रविवार, परवा सव्वीस जानेवारी, गाळा बंद. मंगळवारी उघडेल.
मंगळवारीच सीडी निघणार. फोल्डर काढून टाकायची ती एक ओळ समोर आहे. ठेवली तर विंचूरहून तो जातो. काढली तर तो राहतो, आणि चिठ्ठीही त्याच्याजवळ राहते. चिठ्ठी पुसून टाकायला मला दोन मिनिटं पुरतील. अजून पुसलेली नाही.