दाराबाहेरच्या चपला

आई, मी नेमकं काम काय करते हे मला तुला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. तू शेजारणींना सांगायचीस, "पोरगी कंप्युटरवर चित्रं काढती." मला राग यायचा. एवढं शिकून चित्रं? आता वाटतं, तू फार चुकीचं सांगत नव्हतीस. एक अख्खी कंपनी चित्रात उतरवायची, हेच माझं काम आहे. कोण काय करतं, कुणावाचून कुणाचं अडतं, माल कुठून येतो आणि कुठं जातो, शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळं चौकटींत मांडायचं आणि चौकटी बाणांनी जोडायच्या. याला आम्ही मॉडेल म्हणतो. पूर्वी लोक त्यात फक्त संगणक काढायचे, जणू कंपनी म्हणजे तारांचं जाळं. मी माणसंही काढते, त्यांच्या रीतीही काढते, म्हणून मला बोलावतात. आणि सध्या त्याच पायी माझी झोप उडाली आहे.

दिंडोरीच्या बाजूला द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचं एक मोठं पॅकहाउस आहे, तिथलं काम माझ्याकडे आलंय. पहिल्या दिवशी आत गेले आणि वासानंच पाय अडखळले. ओला पुठ्ठा, द्राक्षं आणि थंडीचा तो लोखंडी वास. तू संध्याकाळी घरी आलीस की तुझ्या पदराला हाच वास असायचा. इथंही बायका जीपमधून येतात, काही पार सुरगाण्याहून हंगामापुरत्या आलेल्या. इथंही माल थंड ठेवायच्या गारखोलीत जाताना चपला दाराबाहेर काढायच्या आणि गमबूट चढवायचे. दाराशी चपलांची रांग दिसली आणि मला एकदम तो शनिवार आठवला.

सकाळची शाळा सुटली होती. घराची किल्ली तुझ्याकडे, म्हणून तू कामाला होतीस त्या पॅकहाउसवर मी आले. बायका जीपमध्ये बसलेल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. गारखोलीला बाहेरून कडी घातलेली, आणि दाराशी एकच जोड उरलेला, तुझा, अंगठ्याला लाल दोरा बांधलेला. मी गारखोलीच्या ऑपरेटरला म्हणते, "आईच्या चपला हितं हायेत." तो हसतो. "गेली आसंल आनवानी. आत कोन नाय." मी तिथंच फतकल मारून रडायला लागते. किती वेळ रडले कोण जाणे. शेवटी माझी कटकट नको म्हणून त्यानं कडी काढली. तू समोरच उभी होतीस, हात काखेत, ओठ निळे, दातावर दात आपटत होते. आतून दार उघडायची मूठ बर्फ धरून बसली होती. तू मला जवळ घेशील असं वाटलं होतं. तू खेकसलीस, "चपला दिसल्या व्हत्या ना? मग रडत काय बसली? आधी दार बडवायचं!" दुसऱ्या दिवशीपासून तिथं रीतच पडली. कडी घालणाऱ्यानं आधी खाली बघायचं. चपला असतील तर माणूस आत आहे. कुणी लिहून ठेवलं नाही, कुणी शिकवलं नाही, पण इतकी वर्षं लोटली तरी आसपासच्या पॅकहाउसांमध्ये हीच रीत आहे. बहुतेक बायकांनीच एका जागेवरून दुसरीकडे नेली असेल.

आता ही रीत जाणार आहे. नव्या बेतात प्रत्येकीला कार्ड मिळेल. आत जाताना टेकवायचं, बाहेर येताना टेकवायचं. आतला आकडा शून्य झाला की दार आपोआप बंद. आणि स्वच्छतेच्या नियमांसाठी चपला ठेवायची मांडणी पार फाटकापाशी हलणार. बेत चांगला दिसतो, मीच तो रंगीत करून दाखवलाय. पण मॉडेलमध्ये चपला कुठं काढायच्या ते मला कळेना. सॉफ्टवेअरमध्ये माणसाची खूण आहे, कामाची आहे, जागेची आहे, नियमाची आहे. सवयीची खूण नाही. शेवटी मी एक साधी चौकट काढली, आत "चपला" लिहिलं आणि दारापर्यंत बाण ओढला. एखादी चौकट पुसली की कशाकशाला धक्का बसतो ते या सॉफ्टवेअरला विचारता येतं. मी चपला पुसून बघितल्या. दार लाल झालं, ऑपरेटर लाल झाला, बायका लाल झाल्या. मॅनेजर साहेब मात्र हसले. "मॅडम, बाण तुम्हीच काढला, म्हणून लाल झालं." बरोबरच आहे त्यांचं. मॉडेलला स्वतःची भीती नसते, आपण घालू तेवढीच त्यात असते. ती माझीच जुनी भीती आहे की खरंच काही धोका आहे, हे मलाही सांगता येईना.

आज दुपारी कार्डांची चाचणी होती. दोघी जणी एकच ढकलगाडी घेऊन आत गेल्या. हात गुंतलेले, कार्ड एकीनंच टेकवलं. थोड्या वेळानं तीच बाहेर आली, कार्ड टेकवलं आणि आणखी क्रेट आणायला गेली. पडद्यावर शून्य. साहेब म्हणाले, "बघा, आत कोणी नाही." दार खट् करून लागलं. मी खाली बघितलं. फाटक्या पट्ट्याच्या हिरव्या चपलांचा एक जोड दाराशी होता. आई, मी रडले नाही. दोन्ही हातांनी दार बडवलं, माणसं जमेपर्यंत बडवत राहिले. दार उघडलं तर सुरगाण्याची एक पोरसवदा बाई हसत बाहेर आली. "आवो ताई, मी आतच व्हते ना! लय गार हाय." उघडायचं बटण आत होतं, पण क्रेटच्या थप्पीमागं गेलेलं. साहेब म्हणाले, "कार्डाची शिस्त लावू. मांडणी हलवायचं तेवढं उद्या तुमच्या सहीनं पक्कं करून टाका."

मी हे कॅन्टीनमध्ये बसून लिहितेय. चहावर साय धरली आहे आणि बायकांची जीप नुकतीच गेली. मला भीती वाटते. सही केली नाही तर हे काम जाईल, आणि चपलांवरून अडून बसणारी बाई म्हणून नाशकात माझं हसं होईल. सही केली तर पुढच्या हंगामात कधीतरी शून्य दिसेल आणि दाराशी बघायला काहीच नसेल. बाण मी ओढला असेल, पण त्या हिरव्या चपला काही मी चित्रात काढल्या नव्हत्या, त्या खऱ्याच होत्या. उद्या मी सही करणार नाही. मांडणी दाराशीच राहू द्या, कार्डं खुशाल आणा, एवढंच सांगेन. सांगताना आवाज कापेल, तर कापू दे.

हे पत्र पर्समध्येच राहणार. पण आणखी एक सांगते, जे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. बाहेर पडताना घराला कुलूप घालायचं काम मी इतकी वर्षं ह्यांच्यावर ढकलत आले. ह्यांना वाटतं, माझा आळस. तू गेलीस तरी तुझ्या लाल दोऱ्याच्या चपला अजून आपल्या दाराशी आहेत, आई, आणि त्या दिसत असताना माझ्याच्यानं बाहेरून कडी घालवत नाही.