जुन्या धनुष्याची दोरी

टाकानिनी,
६ फेब्रुवारी २०२६

प्रिय गणेशभावजी,

सप्रेम नमस्कार. आज वायटांगी डेची सुट्टी. ओवी पोहायचे टॉग्ज घेऊन मैत्रिणीकडे गेली आहे आणि अभिषेक आत झोपलाय. मेसेज सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. त्याच्या डोळ्याला ताण नको म्हणून त्याचा फोन मी वाचते आणि माझा फोन तो खुशाल उचलतो. आमच्या घरात आता खासगी असं पोस्टाचं पाकीटच उरलंय.

तुमची टौरंगाची नवी जागा लावून झाली का? वहिनींची गुडघेदुखी कशी आहे? इकडे उन्हाळा जोरात आहे, टोमॅटो लगडलेत, खायला कुणाला उत्साह नाही.

अभिषेकचं शिकारीचं नवं धनुष्य आलं. ऑगस्टमध्ये मागवलेलं, आठ आठवडे म्हणाले होते, जानेवारीच्या मध्यावर आलं. कुरिअरवाला इथल्या पद्धतीनं, झकास या अर्थी, "sweet as!" म्हणत दाराशी ठेवून गेला. ते कुठपर्यंत पोचलं हे दिवसातून दहादा बघणारा अभिषेक खोक्याकडे बघून म्हणाला, "गॅरेजमध्ये ठेव." अजून उघडलेलं नाही. ते उजव्या हाताचं आणि उजव्या डोळ्याचं आहे. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि डॉक्टरांनी याहून जास्तीची आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. डावा उत्तम आहे म्हणाले. "म्हणजे बॅकअप आहे," असं म्हणून अभिषेक हसला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

त्याचं बॅकअपचं वेड तुम्हाला काय सांगायचं! दोन टॉर्च, दोन सुऱ्या, दोन होकायंत्रं. "बायको तेवढी एकच कशी?" असं तुम्हीच त्याला चिडवायचात. नवं येईपर्यंत हाताशी असावं म्हणून जुन्या धनुष्याला तुम्ही सप्टेंबरात नवी दोरी घालून दिलीत. मला मात्र त्याचा हा सगळा दुहेरी संसार म्हणजे अडगळ वाटायची. जे कधी वापरायचंच नाही ते जपायचं कशाला, असं मी त्याला दर वेळी सुनवायची.

गेल्या रविवारी तुम्ही अडीच तास गाडी चालवत आलात. अभिषेक खोलीतून बाहेर आला नाही. तुम्ही बंद दारासमोर उभे राहून म्हणालात, "अभी, माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार रे. काय, ते अजून कळत नाही." नोव्हेंबरात काइमाईच्या डोंगरात शिकारीच्या वेळी दोरी तुटून त्याच्या डोळ्यावर बसली, तेव्हा तुम्हीच त्याला तीन तास धरून खाली उतरवलंत, आणि माफीही तुम्हीच मागत होतात. तुमच्या शिकारीच्या ग्रुपमध्ये त्यानं तुमच्याबद्दल काय काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. आता दोरीच्या कामाला कुणी तुमच्याकडे येत नाही, हेही कानावर आलंय. तुम्ही निघालात तेव्हा मी चहाचा ट्रे धरून नुसती उभी होते.

भावजी, तुमचं काहीही चुकलं नाही.

खंडेनवमीला मी गॅरेजमध्ये पूजा मांडली होती. त्याचा ड्रिल, लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, सुऱ्या आणि मधोमध ते जुनं धनुष्य. "दिवा लांब ठेव गं," असं अभिषेक जाताना म्हणाला होता. झेंडूचा हार घालताना मीच निरांजन जवळ सरकवलं. उदबत्तीनं स्मोक अलार्म वाजायला नको म्हणून खिडकी उघडली आणि वाऱ्यानं ज्योत दोरीवर लवंडली. दोन-तीन क्षणच. धनुष्याच्या वरच्या टोकाला दोरी ज्या चाकावरून जाते, त्याजवळ तिचे काही धागे वितळून टणक झाले.

सांगितलं असतं तर तो चिडला असता, मग "तुझ्या पूजा" सुरू झालं असतं. सणाच्या दिवशी मला ते नको होतं. दोरीला लावायला तुम्ही ठेवून गेलेली मेणाची कांडी मी त्या जागेवर घासली, बोटानं सारखं केलं, वर हळदकुंकू वाहिलं. मनात म्हटलं, हे तर जुनं, याला कोण हात लावणार? नवं येतंच आहे.

नवं आलं नाही, आणि तो जुनं घेऊन गेला. त्या पहाटे डबा मीच भरून दिला. धनुष्य गाडीत ठेवलेलं मी पाहिलं, भावजी. तोंडाशी आलं होतं. तो खुशीत शीळ घालत होता. एका दिवसात काय होतंय, असं वाटलं.

हॉस्पिटलमध्ये त्यानं मला विचारलं, "घरी दोरीला काही झालं होतं का?" मी नाही म्हणाले. मग त्याला दोष द्यायला तुम्हीच उरलात.

सोमवारी मी सांगायला बसले. नुसतं "अभी, ऐक ना" म्हणाले, तर त्यानं माझा हात डोळ्यावरच्या पट्टीवर ठेवला आणि म्हणाला, "गण्यावर मी आंधळा विश्वास ठेवला. आता फक्त तुझ्यावर आहे." त्यानंतर मला बोलता आलं नाही. यापुढेही येईल असं वाटत नाही. पुष्कळ प्रयत्न करून झाला, मी तेवढी धीट नाही.

मला माफ करा असं लिहीत नाही. माफ करून त्याचा डोळा परत येणार नाही आणि तुमचं गेलेलं नावही. हे पत्र त्याला वाचून दाखवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दाखवलंत तर मी एक अक्षर नाकारणार नाही. पण दाखवा, असं लिहायला हात उठत नाही. खरं सांगायचं तर, तुम्ही दाखवणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही तसे आहात. म्हणूनच मी त्याला न सांगता तुम्हाला लिहिलं. हे माझं दुसरं पाप, आणि हे मी पूर्ण शुद्धीत करते आहे.

वहिनी म्हणवून घ्यायचा अधिकार आता उरला नाही, म्हणून नुसतीच,

मुग्धा