मेलेल्या घुबडाचा निकाल

रामदासपेठ, नागपूर
मंगळवार

तीर्थरूप कौसल्याताईले धाकट्या देवरावचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? खाप्याले थंडी पडली असेल, त्यांले मफलर बांधायले सांग. माझी तब्येत उत्तम आहे (तीन दिवसांपासून खिचडीच खाऊन राहिलो, तीही खाली लागलेली). तू फोन उचलत नाहीस, आणि तुझ्याकडं येऊन बसलेली तुझी भावजय प्रेमिला तर माझं नाव दिसलं की फोन कापते, म्हणून हे पत्र.

तिनं तिची बाजू सांगितलीच असेल. आता माझी ऐक. आमच्या खालच्या मजल्यावरच्या दुर्गेश इंजिनीअरचा एक क्लब आहे. तिथं लढाईची कार्डं खेळतात. प्रत्येक कार्डावर एक प्राणी नाहीतर संकट, आणि खाली त्याचा कायदा छापलेला. प्रेमिला दोन वर्षांपासून जाऊन राहिली. मले वाटे, टाइमपास आहे. पण बाई एकसष्टाव्या वर्षी क्लबच्या फायनलले पोचली! जिंकणारा पुण्याच्या स्पर्धेले जाणार होता. तिनं बॅगसुद्धा काढून ठेवली होती (मी तिले आयुष्यात पुणं दाखवलं नाही हे तू काढशीलच, म्हणून आधीच कबूल करतो). समोर दुर्गेश. आणि पंच कोण, तर मी! काहून, तर नियमांचं चौऱ्याऐंशी पानांचं पुस्तक पेन्सिलनं खुणा करत वाचणारा मी एकटाच निघालो. नायब तहसीलदार म्हणून रिटायर झाल्यापासून मले कोणी निकाल मागितला नव्हता वं ताई. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

शेवटचा डाव. दुर्गेशच्या घुबडावर लिहिलेलं, मेलं तरी पुढच्या पाळीले परत येते. प्रेमिलानं त्याच्यावर वणवा टाकला. वणव्यावर लिहिलेलं, यात मेलेलं परत येत नाही. मग घुबड येते की नाही? दोघंही माझ्याकडं पाहून राहिले. मी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं, आणि बत्तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, 'जैसे थे! निकाल चहानंतर.' टेबलाभोवती खडूची रेघही मारली. चहानंतर दोन्ही पक्षांकडून लेखी म्हणणं मागवलं. दुर्गेशनं पानभर दिलं. प्रेमिलानं दोनच शब्द लिहिले, 'कार्ड वाचा.' मले ते उद्धट वाटलं. मी पाऊण तास उभा राहून निकाल वाचला, पान त्रेचाळीसचा आधार घेतला आणि घुबड जिवंत केलं. त्या घुबडानं पुढच्याच पाळीले तिले हरवलं. तिनं कार्डांले रबर लावलं, पुण्यासाठी काढलेल्या बॅगेत साड्या भरल्या आणि खाप्याची बस धरली.

असो. खुर्चीवर बसल्यावर माणसाले बायको-बहीण पाहता येत नाही, एवढं तिले समजावून सांग.

तुझा,
देवराव

ता. क. समजावू नको. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे, की एक कार्ड 'होते' म्हणत असेल आणि दुसरं 'होत नाही', तर 'होत नाही' खरं. वणवा बरोबर होता.

ता. क. २. तू म्हणशील, पहिलं पान वाचायचं राहिलं असेल. राहिलं नव्हतं. त्यावर माझ्याच पेन्सिलची रेघ आहे. बायकोच्या बाजूनं निकाल दिला तर लोक हसतील, म्हणून मी ते पान उलटवलं. नोकरीत असं कधी केलं नाही, आणि केलं ते तिच्याच बाबतीत. फार लाज वाटून राहिली ताई. हे तिले तूच वाचून दाखव, माझ्या तोंडानं होणार नाही.

ता. क. ३. निकाल फिरवून, सही करून क्लबच्या फळ्यावर लावला. दुर्गेशची हरकत नाही (म्हणाला, 'काका, मले तेव्हाच समजलं होतं, पण तुम्ही इतके रंगात येऊन वाचून राहिले, मधात कसं बोलू?'). पुण्याची गाडी शनिवारी आहे. तिच्या बाजूची सीट मी माझ्यासाठी घेतली. ती 'नाही' म्हणाली, तर पहिल्या पानाचा नियम मले आता पाठ आहे. डबा तिच्या हातात देईन आणि स्टेशनवरूनच परत फिरीन.