मांजरपाटावरची अक्षरं

केडगाव, मंगळवार

प्रिय जयमाला,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय, म्हणजे गुरुवारपर्यंत कर्जतला तुझ्या हातात पडेल. फोन करता आला असता, पण फोनवर मी विषय बदलतो, तुला माहीत आहे. रविवारी त्या प्रदर्शनाच्या समारोपाला तू पाहुणी म्हणून येणार. तू दालनात पाऊल टाकायच्या आधी एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळायला हवी, काचेमागच्या कागदावरून नव्हे.

प्रदर्शन चांगलं आहे, हे आधी सांगतो. मनवा नावाच्या मुलीनं विद्यापीठाच्या जुन्या फायली उपसून विद्यार्थ्यांच्या आंदोलनांचे कागद, फोटो, पत्रकं लावली आहेत. चुका मात्र आहेत. मी सात काढल्या आणि वहीच्या पानावर लिहून दिल्या. तुमच्या शहाण्णवच्या फोटोखाली ‘अकरा विद्यार्थिनी’ असं लिहिलंय. मोजल्या तर तेरा भरतात. दोघी लिंबाच्या सावलीत आहेत, त्यातल्या शोभाचं नुसतं कोपर दिसतं. आणि गंमत बघ, हे सगळं ग्रंथालयाच्याच दालनात मांडलंय, जिथून मुलींना तेव्हा संध्याकाळी सहाला बाहेर काढायचे आणि मुलं दहापर्यंत बसायची. आता तिथं पोरी रात्री अकरालाही वाचत बसतात, असं मनवा म्हणाली. असं कधी नव्हतं हे तिला खरंच वाटेना.

मधल्या भिंतीवर आपलं कापड टांगलंय. ‘सहानंतरही आम्हाला वाचायचं आहे.’ मांजरपाट पिवळा पडलाय, पण रंग धरून आहे. खाली चिठ्ठी: ‘सहा फूट बाय चार. विद्यार्थिनींनी स्वतः रंगवलेला फलक.’ मी खिशातला टेप काढला. पाच फूट दहा इंच बाय तीन. ते एक वेळ सोडून दिलं असतं, पण ‘स्वतः रंगवलेला’ म्हटल्यावर मला राहवेना. मनवाला जवळ बोलावून दाखवलं, बाई, ही फिकट निळी रेघ बघ. निळीत भिजवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची, की कापडावर सरळ रेघ उमटते. हे शिकलेल्या पोरांना कुठून ठाऊक असणार? ती पहिलं अक्षर ऐसपैस काढतात आणि शेवटची चारचार कोपऱ्यात कोंबतात. इथं दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटलीय. हा कसलेला हात आहे. नववी नापास, कुठल्या कलाशाळेची पायरी न चढलेला, एसटीच्या पाट्या बघून शिकलेला. माझं नाव सांगून मी अर्धा तास बोललो. ती लिहून घेत होती.

दोरीचं दुसरं टोक तू धरलं होतंस. वसतिगृहाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ. ‘पेंटर, कुलगुरूंच्या खिडकीतून वाचता आलं पाहिजे,’ एवढीच तुझी अट. तुझ्या कार्डावर तू मला दोन वर्षं पुस्तकं आणून देत होतीस, मीही तुला काहीतरी द्यावं असं मला फार वाटायचं. मी जीव ओतून लिहिलं. निळीचे डाग मात्र तुझ्या बोटांवर राहिले, आणि चौकशी समितीनं तेच धरले. कुणी लिहिलं विचारल्यावर तू ‘मीच’ म्हणालीस. बाकीच्या बारा जणी ताकीद घेऊन सुटल्या, तुला दोन सत्रं बाहेर काढलं. एम.एस्सी. राहिलं ते राहिलंच. तुझे वडील, रंभाजीकाका, माळीवाड्याच्या स्टँडवर तुझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवत होते, तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, ‘बरं झालं, तुला कुणी विचारलं नाही.’ मी मान हलवली. आपण इतक्या वर्षांत किती वेळा भेटलो, तुझ्या शाळेच्या भिंतीसुद्धा मीच रंगवल्या, पण त्या मान हलवण्याबद्दल मी कधी बोललो नाही.

मला विचारलं होतं, जयमाला. इतकं बांधीव अक्षर या मुलीचं असेल यावर समितीचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी जाणकार म्हणून मलाच बोलावलं. कारण वसतिगृहाच्या दोनशे बारा दारांवर नंबर टाकायचं काम मला नुकतंच मिळालं होतं. माझं पहिलं मोठं काम. मी त्या कापडासमोर तीन-चार मिनिटं उभा राहिलो आणि लिहून दिलं: ‘सदर अक्षर धंदेवाईक पेंटरचे नसून शिकाऊ हाताचे आहे.’ माझ्या अक्षराला मी शिकाऊ म्हणालो, आणि त्या एका ओळीवर तुझं नाव पक्कं झालं. परवा माझं बोलणं संपल्यावर मनवा मला एका काचेच्या पेटीकडे घेऊन गेली, आणि आतल्या कागदाकडे बोट करून म्हणाली, ‘काका, ही सही तुमचीच का?’ ती चांगली मुलगी आहे, कागद काढून ठेवते म्हणाली. मी नको म्हणालो. त्याच्या शेजारी दुसरा कागद लावायला दिलाय, हे विधान खोटं होतं, कापड मी रंगवलं, खाली पूर्ण नाव. खिडकीकडून तिसरी पेटी, डावीकडून दुसरा कागद. तुझ्या भाषणात तू माझे आभार मानणार आहेस, असं मनवाकडून कळलं. आधी तो कागद वाच. मग माझं नाव घ्यायचं की नाही, ते ठरव.

तुझाच,
भीमराज