पिवळी टीप

३ मार्च, सोमवार

साठ पट्ट्या शिवून झाल्या. पांढऱ्या, दंडाला बांधायच्या. शुक्रवारी बंदराच्या गेटवर बसायचंय — आपलं सरकार परक्या मुलखातल्या लढाईला तोफगोळे पाठवतंय, ते जहाज अडवायचं. नियम एकच. पट्टी बांधली की हात उचलायचा नाही, कुणी कितीही मारलं तरी! धाकटीने, माझ्या बहिणीनेच, हा नियम केला. मला काही तो पचत नाही. माझे हात आधीच शिवशिवतात.

५ मार्च

दादा आला होता. पोलिसात असून म्हणाला, "आमच्यातले वीसजण साध्या कपड्यांत तुमच्यासोबत बसणार आहेत. पट्ट्या दे. बोलू नकोस कुणाला." मला भरूनच आलं. शेवटी भाऊ माझाच! पांढरा दोरा संपला होता, म्हणून त्या वीस पट्ट्यांना पिवळ्या दोऱ्याने टीप मारली.

७ मार्च, शुक्रवार

आमच्यातूनच दगड उडाले. लगेच लाठ्या — जणू वाटच बघत होते! आमच्यासोबत बसलेले शाळेतले मास्तर आडवे पडले, तरी त्यांच्या तोंडावर बूट. दात रस्त्यावर. धाकटीला दगड मारला तो पट्टीवाल्यानेच, चार हातांवरून. मी त्याचा दंड धरला, ओरबाडला, नखांत कातडी आली. तो निसटला, पट्टी माझ्या हातात राहिली. धाकटीने हात उचलला नाही. लाठी अडवायलासुद्धा नाही!

८ मार्च

धाकटीचा डावा डोळा गेला.

९ मार्च

रक्ताचे कपडे भिजवताना खिशातून ती पट्टी निघाली. पिवळी टीप. माझीच! आणि दादा तिकडे दवाखान्यात धाकटीच्या उशाशी बसून रडतोय. कुणाला सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ.

१२ मार्च

शुक्रवारी पुन्हा गेटवर बसायचंय, दादाला त्यासाठी आणखी तीस पट्ट्या हव्यात. किती गोड बोलत होता मेला! मी हो म्हटलं. मग दवाखान्यात जाऊन धाकटीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही, ताई. नियम आहे."

१४ मार्च, शुक्रवार

तीस पट्ट्या दिल्या. सगळ्यांना पिवळी टीप, या वेळी मुद्दाम. दादाला तर मीच बांधली, घट्ट गाठ मारून.

माझी पट्टी मशीनवर काढून ठेवली आहे. मोठी कात्री पिशवीत घेतली. निघते.