जास्तीचे दोन खड्डे

३ मार्च, सकाळी ९
पीएचडीचं सातवं वर्ष. गाइड म्हणाले, या महिन्यात निकाल आला तर पेपरवर पहिलं नाव माझं, नाहीतर फेलोशिप बंद. डाव्या हातचा मळ.
दोन वेगळ्या जातीचे अणू, एक जड, एक हलका. जवळजवळ गोठवून लेझरच्या सापळ्यात ठेवायचे आणि चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा. ठराविक आकड्याला दोघं एकमेकांना धरतात, सापळ्यातून सटकतात, ग्राफवर खड्डा पडतो. आकडा मला पाठ आहे. या वेळी फक्त सापळा घट्ट.

५ मार्च
खोलीला खिडकी नाही. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसाची जागा, त्यात मी आणि पहिल्या वर्षाची ज्युनिअर. मी वळलो की तिने श्वास आत घ्यायचा असं ठरलंय. मी ठरवलंय.

९ मार्च
खड्डा भलत्याच आकड्याला. शेजारी आणखी दोन! ज्युनिअर म्हणते, घट्ट जागेत आकडा सरकणारच. शिवाय वजनं वेगळी, म्हणून जोडीचं एकत्र डोलणं आणि आपसांतली ओढाताण एकमेकांत गुंतते, त्याचे हे जास्तीचे खड्डे. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच शोध लागतात. मी मोठ्या मनाने हसलो.

१४ मार्च
दोष लिफ्टच्या हादऱ्यांचा. 'बंद आहे' अशी पाटी लावली. चौथ्या मजल्यावरच्या क्लार्कबाईंनी जिन्यातच माझा उद्धार केला. खड्डे तिथेच.

१६ मार्च
दोष ज्युनिअरच्या चपलांचा. अनवाणी काम करायला लावलं. खड्डे तिथेच.

२१ मार्च
सापळा सैल करून पाहिला. एकच खड्डा, तोही माझ्या आकड्यावर! मीच बरोबर. ज्युनिअरने विचारलं, मग घट्ट केल्यावरच ते का येतात? हल्लीची मुलं फार बोलतात.

२६ मार्च
ग्राफवरचे जास्तीचे दोन खड्डे पुसून टाकले. कचरा ओळखायला अनुभव लागतो.

२८ मार्च, दुपारी १
गाइडनी विचारलं, ग्राफ इतका गुळगुळीत कसा? मेहनत, म्हणालो. मग त्यांनी ज्युनिअरची वही मागितली. तिने रोजचे सगळे आकडे उतरवून ठेवले होते. गाइड ताडकन उभे राहिले.
"अहो, हेच तर शोधत होतो आपण!"
पहिलं नाव तिचं. माझं आभारात. रडू आलं, पण या खोलीत रडायचं म्हणजे तिच्या खांद्यावरच.

३१ मार्च, सकाळी ९
ज्युनिअर म्हणाली, "सर, दुसरं नाव तुमचं टाकू? गाइडना विचारलंय मी." साफ नकार दिला. स्वाभिमान आहे मला.

९.४०
हो सांगायला गेलो. पेपर पाठवून झाला होता.