किडनीबद्दल देवाचं म्हणणं

३ फेब्रुवारी
दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, पण त्याचं हृदय हे फार दिवस सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरातलं कुणी किडनी देईल का? रक्तगट दोघांचा चालतो, वहिनीचा आणि माझा. पण सख्ख्या भावाची मिळाली तर उत्तम, असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनीने जमिनीकडे पाहिलं. मी म्हणालो, देवाची इच्छा असेल तर दोन्ही देतो.
घरी आल्यावर बायको म्हणाली, त्यांनी एकच मागितलीय.

५ फेब्रुवारी
संकल्प: एकवीस दिवस प्रार्थना. रोज पहाटे पाचला. शुक्रवारी उपास. देवाचा स्पष्ट शब्द मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. घाईत केलेलं आज्ञापालन हे आज्ञापालनच नव्हे. (वाक्य चांगलं जमलंय. पुढे चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष देताना वापरता येईल.)

६ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
पाचला उठलो नाही. शरीराला विश्रांती हवी. शरीर आता फक्त माझं राहिलेलं नाही.

९ फेब्रुवारी
डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. भावांसाठी जीव द्यावा, अशा अर्थाचं वचन निघालं. फारच सरळ. देव माझ्याशी इतकं सरळ बोलत नाही. पुन्हा उघडलं. मंदिराची मापं निघाली, लांबी इतके हात, रुंदी इतके हात. यात अर्थ आहे. मोजून-मापून पुढे जा, असं सांगणं आहे.
बायको म्हणाली, मग जा की मोजून घ्यायला. हॉस्पिटलमधून दोनदा फोन आलाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
हॉस्पिटलला गेलो. त्यांना उपाशीपोटी रक्त हवं होतं. माझा उपास शुक्रवारचा. आज नाश्ता करून गेलो होतो. तिथल्या सिस्टरने सांगितलं, उद्या या. उद्या माझ्या ड्रायव्हिंगच्या क्लासला चार जण शिकायला येणार आहेत. लोकांना रस्त्यात टाकून जाणं बरं नव्हे.

२४ फेब्रुवारी
पाळकांना भेटलो. म्हटलं, देवाची इच्छा कशी ओळखायची? त्यांनी विचारलं, भाऊ आजारी आहे ना? आहे. तुमची किडनी चालते ना? चालेल असं दिसतंय. मग देवाने आणखी काय बोलावं अशी तुमची अपेक्षा आहे?
पाळक वयाने लहान आहेत. अनुभव कमी. त्यांच्यासाठीही प्रार्थना करायला हवी. मुदत वाढवली, आता एकूण चाळीस दिवस.

५ मार्च
शिकायला येणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई चौकात अडकल्या. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, आरसा बघ, पुन्हा डावीकडे बघ. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी म्हणालो, बाई, रस्ता मोकळा आहे, किती विचार कराल, काढा गाडी. बाई शांतपणे म्हणाल्या, सर, तुमच्या बाजूचा ब्रेक तुम्हीच दाबून धरलाय.
आजकाल पायात गोळे येतात. पोटॅशियम कमी झालं असावं.

१४ मार्च
दुपारी वहिनीचा फोन. दादाच्या फुप्फुसात पाणी झालं. अ‍ॅम्ब्युलन्स. आयसीयूत एकेकालाच सोडत होते. तोंडावर मास्क, हात सुजून उशीसारखे. श्वास घेताना अख्खा पलंग हलत होता. त्याने माझं बोट धरलं. मास्क जरा बाजूला करून विचारलं, जेवलास का?
मी बाहेर आलो ते ठरवूनच. आत्ताच्या आत्ता चौथ्या मजल्यावर जायचं, किडनीचं काम बघणाऱ्या बाईंकडे फॉर्म भरायचा. लिफ्ट बंद. जिने चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावर वाटलं, बंद दार हेही उत्तर असू शकतं. तिसऱ्यावर खात्री पटली. परत खाली आलो, तर लिफ्टमधून माणसं बाहेर पडत होती.

१५ मार्च
दादा तरला. देवाची कृपा.
नेटवर फोटो पाहिला. किडनी देणाऱ्याच्या पोटावर ही एवढी खूण राहते. मी देवाकडे खूण मागतोय हे खरं, पण अशी नव्हे.
भीतीचा प्रश्नच नाही.

२८ मार्च
चाळीस दिवस केव्हाच संपले. देव गप्प. बायकोही गप्प. ताट वाढते, समोर बसते, बघत राहते. शेवटी म्हणाली, देव कधीचा बोलून बसलाय. तुम्हीच ऐकू येत नसल्याचं सोंग करताय.
तिला आत्म्याच्या गोष्टी कळत नाहीत, असं लिहिणार होतो. लिहिलं नाही.

१० एप्रिल
आज मनाला शांती मिळाली. कसलीही खूण नाही, वचन नाही, पण स्पष्ट कळलं. द्यायची. रविवारी उपासनेनंतर दादाकडे जाऊन सांगणार. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, दीड पान झालं. सुरुवात लहानपणापासून केली आहे.

१२ एप्रिल, रविवार
दाराशी बॅग भरलेली. मला वाटलं दादाची. ती वहिनीची होती. तिच्या तपासण्या फेब्रुवारीतच सुरू झाल्या होत्या. अवयवदानाच्या समितीची परवानगी आली. ऑपरेशन गुरुवारी. मी म्हणालो, मला कुणी सांगितलं कसं नाही? दादा म्हणाला, तू प्रार्थनेत होतास, मध्ये त्रास कशाला.
कागद खिशातच राहिला.
जिना उतरताना मला हायसं वाटलं. हे लिहायचं नव्हतं.

१६ एप्रिल
सकाळी आठला वहिनीला आत नेलं, मग दादाला. पाच तास बाकावर बसून होतो. बायको शेजारी, पण मध्ये एक जागा सोडून. प्रार्थना करायला डोळे मिटले की वहिनीचे अनवाणी पाय दिसत होते. स्ट्रेचरवरच्या चादरीतून बाहेर आलेले.
एक वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर आले. दोघं ठीक. किडनी लगेच चालू झाली.

२ मे
दोघांना घरी सोडलं. इतके दिवस वहिनीनेच हट्ट धरला होता, निघू तर दोघं बरोबर. गाडी मी चालवली. दादा मागे, मास्क लावून, बायको त्याच्या शेजारी. वहिनी पुढे, पोटाशी उशी धरून. वाटेत नऊ गतिरोधक. मी अगदी पहिल्या गिअरमध्ये घेत होतो, तरी दर वेळी तिची बोटं उशीत रुतायची.
घरासमोर गाडी थांबवली. तिच्या बाजूचं दार उघडून हात दिला. ती म्हणाली, भाऊजी, तुमच्या प्रार्थनेचा फार आधार वाटला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. मग माझ्या हाताला धरून उभी राहत तिने विचारलं, खरंच, देव तुम्हाला काय म्हणाला हो शेवटी?
मी म्हणालो, पायरी आहे, जपून.